उघडून बघणारा भाडेकरू

माझ्या पुढच्या खोलीत नऊ वर्षं एक भाडेकरू होते. नवी वस्तू हातात आली की लोक ती वरून बघतात, ते खालून बघायचे. मी मिक्सर आणला तेव्हा त्यांनी तो उलटा केला, तळावर बोट फिरवलं, स्क्रू मोजले आणि समाधानाने मान हलवली.

"चांगला हाय, अक्का. पोट उघडतंय. ज्याचं पोट उघडत न्हाई त्याचा आजार कळत न्हाई."

एवढ्यावर ते थांबले नाहीत. खिशातला स्क्रूड्रायव्हर काढून त्यांनी तो मिक्सर माझ्या ओट्यावर पूर्ण उघडला, आतली मोटर मला दाखवली, फुंकर मारली आणि परत बंद केला. त्यात अजून एकदाही चटणी वाटलेली नव्हती. मला राग यायला हवा होता. पण खरं सांगायचं तर मोटर कशी असते हे मी पहिल्यांदाच बघत होते आणि मला ते आवडलं.

सगळे त्यांना मास्तर म्हणत. शाळेशी त्यांचा काही संबंध नव्हता. सोलापुरात जकार्डच्या मागावर जी नक्षीची चादर विणतात, तिच्यासाठी पूर्वी पुठ्ठ्याच्या पट्ट्यांना भोकं पाडावी लागत. कुठलं भोक पाडायचं आणि कुठलं सोडायचं, त्यावर चादरीवर मोर येणार की गुलाब हे ठरायचं. ते काम करणाऱ्या जाणत्या माणसाला मास्तर म्हणतात. आमच्या मास्तरांनी वीस-बावीस वर्षं भोकं पाडली. मग नवे माग आले, पुठ्ठे गेले, आणि मास्तरांनी भवानी पेठेत माझी पुढची खोली भाड्याने घेऊन गेम खेळायचं दुकान टाकलं. त्या खोलीत आधी माझ्या मिस्टरांचे दोन माग होते. मिस्टर गेले, माग विकले, खोली गप्प झाली होती. तिथे मास्तरांनी आठ कॉम्प्युटर मांडले.

खोलीच्या आणि माझ्या घराच्या मध्ये दार आहे. दाराला पडदा लावलेला असायचा. पडद्याआड बसून मी चादरीच्या दशा, काठाचे सुटे धागे, वळायची. शेजारच्या कारखान्यातून गठ्ठे यायचे, वळून परत जायचे. हात चालू असायचे आणि कान मोकळे. दुकानात येणारी मुलं, कारखान्यातून सुटून आलेले कामगार, कॉलेजची एक धीट मुलगी, सगळ्यांचे आवाज मला माहीत होते. माझा आवाज त्यांच्यापैकी कुणालाच माहीत नव्हता. चार माणसं जमली की माझी जीभ टाळूला चिकटते, लहानपणापासूनच.

आता मास्तर हैदराबादला लेकीकडे राहतात आणि खोलीत झेरॉक्सचं दुकान आहे. मला लिहायचं आहे ते एका दसऱ्याबद्दल, ज्या दसऱ्याला ते आठही कॉम्प्युटर माझ्या खोलीतून कायमचे जायला निघाले होते. पण मास्तर कशा प्रकारचे होते हे सांगितल्याशिवाय त्यात काय एवढं होतं ते कळणार नाही.

पहिली गोष्ट म्हणजे, मास्तर स्वतः कधीच गेम खेळले नाहीत. नऊ वर्षांत एकदाही नाही. लोक पडद्याकडे बघायचे, मास्तर डब्याकडे. पाठीमागे उभं राहून, मान तिरकी करून ते पंख्यांचे आवाज ऐकायचे. "चार नंबरचा आज दमलाय," असं म्हणून चार नंबरवाल्याला ऐन लढाईत उठवायचे. तो बिचारा ओरडायचा, "मास्तर, मरतोय मी हितं!" मास्तर म्हणायचे, "तू परत जिवंत होशील. ह्यो न्हाई व्हायचा."

आमच्या गल्लीत चारी बाजूंना माग आहेत. हवेत कापसाचे बारीक तंतू उडत असतात. ते कॉम्प्युटरच्या पंख्यांत जाऊन बसायचे. दर मंगळवारी सकाळी मास्तर आठही डबे उघडून ब्लोअर मारायचे आणि माझ्या पायरीवर करडा कापूस पसरायचा. मग तेच झाडू घ्यायला यायचे. उन्हाळ्यात सोलापूर तापलं की सगळ्या डब्यांच्या एका बाजूचे पत्रे काढून ठेवायचे. "माणसं सदरा काढत्यात, ह्यांनी काय गुन्हा केलाय?"

दुसरी गोष्ट म्हणजे ओळख. नवं गिऱ्हाईक आलं की त्याला लगेच बसू देत नसत. टेबलाच्या कडेला एक कॉम्प्युटर नेहमी उघडा ठेवलेला असे. त्याच्यासमोर नव्या माणसाला उभं करायचे.

"ह्यो प्रोसेसर. डोकं. ही रॅम. ही आत्ताची आठवण. ही हार्ड डिस्क, ह्यात कायमची आठवण. अन् हे कार्ड, हे चित्र काढतंय. झाली वळख? आता बसा."

काही लोक हसायचे. काही चिडून निघून जायचे. कॉलेजची ती मुलगी मात्र पहिल्या दिवशी म्हणाली, "मास्तर, कार्ड जुनं झालंय तुमचं." मास्तरांनी तिच्याकडे असं बघितलं की जणू तिने त्यांच्या लेकीचं स्थळ नाकारलं आहे. पुढच्या महिन्यात कार्ड बदललं. नवीन बसवताना त्यांनी तिला बोलावून घेतलं. हेच त्यांना कॉम्प्युटरबद्दल आवडायचं. कार्ड जुनं झालं, कार्ड बदला. डोकं जुनं झालं, डोकं बदला. डबा तोच.

दुपारी दोन ते चार दुकान रिकामं असायचं. त्या वेळी मास्तर पडद्यापलीकडे स्टुलावर बसून म्हणायचे, "आज काय प्रश्न, अक्का?"

हे कसं सुरू झालं ते मला आठवत नाही. बहुतेक मीच कधीतरी चुकून काही विचारलं असेल. पडद्याआडून विचारायला मला भीती वाटत नव्हती. एका दुपारी एकच प्रश्न विचारायचा, असा नियम आपोआप झाला होता. पंखा उलटा फिरला तर काय होईल? गेममधला पाऊस कुठे साठतो? मुलं परदेशातल्या माणसांशी खेळतात तेव्हा तिकडे रात्र असते का? मास्तर कधीही हसले नाहीत. कधी कधी म्हणायचे, "हे मला म्हाईत न्हाई, उद्या सांगतो," आणि दुसऱ्या दिवशी कॉलेजच्या मुलीला विचारून सांगायचे.

भिंतीवर त्यांनी खडूने दोन रांगा लिहिल्या होत्या. एकीवर 'अडकलेले', दुसरीवर 'सुटलेले'. खाली नावं. मी चौथीपर्यंत शिकले आहे, वाचता येतं, पण ती नावं वाचून मला काही बोध होईना. 'घोडेस्वार', 'बर्फाचा', 'दोन बहिणी', 'बोटीचा'. एका दुपारी मी तो प्रश्न विचारला.

"ही गेमची नावं हायत. माझी नावं. इंग्रजी ध्यानात ऱ्हात न्हाईत. हे खेळ फक्त कन्सोलवर निघाले, आपल्या कॉम्प्युटरवर न्हाईत. म्हंजे अडकले."

"कन्सोल म्हंजे?"

"डबा. टीव्हीला जोडायचा. आत काय हाय ते कंपनीला म्हाईत. त्याला आपण काही बदलायचं न्हाई, काही घालायचं न्हाई. कंपनी म्हणंल ते खेळ त्यात चालणार."

"मग गेम करणाऱ्यांनी कॉम्प्युटरवर का काढला न्हाई? जास्त लोकांनी घेतला असता की."

मास्तर म्हणाले, "तुमच्या मिस्टरांच्या मागांवर नवी नक्षी निघाली की पयल्यांदा कुणाला द्यायचे?"

मला आठवलं. नवीन नक्षी कापडाच्या एका पेढीला एक हंगाम द्यायचे. तेवढा हंगाम दुसऱ्या कुणालाच नाही. ज्याला ती चादर हवी त्याने त्याच पेढीवर जायचं.

"अन् तिथं गेल्यावर माणूस चार टॉवेल, दोन सतरंज्या पण घेतोय," मास्तर म्हणाले. "पेढीला चादरीचं कौतुक न्हाई, आलेल्या माणसाचं हाय. तसंच हे. खेळासाठी लोक डबा घेणार. डबा घेतला की फुडचे सगळे खेळ त्याच कंपनीकडनं."

"आणि हंगाम संपल्यावर?"

"ती चादर मंगळवार बाजारात पण मिळायची का न्हाई? मग तो खेळ आपल्याकडं येतोय. वर्षानं, दोन वर्षानं. मी त्याला सुटलेल्यात लिवतो."

"आणि हंगाम संपलाच न्हाई तर?"

मास्तर उठले, ब्लोअर उचलून ठेवला, परत बसले. त्यांना हा प्रश्न आवडला नव्हता असं मला वाटलं. नंतर कळलं की आवडला होता, फक्त तो लागला होता.

त्या दिवशी त्यांनी मला पुठ्ठ्यांचं सांगितलं. पुठ्ठे एका मागावरून उतरवून दुसऱ्या मागावर चढवले तरी चादर तीच निघायची. माग कुणाचा, कुठल्या गल्लीतला, काही फरक नाही. मग नवा माग आला. त्याच्या बाजूला एक बंद पेटी होती. नक्षी त्या पेटीत भरायची. मास्तरांनी विचारलं, माझी नक्षी यात कशी घालू? माग बसवायला आलेला माणूस म्हणाला, तुम्ही नाही घालायची, आमच्याकडून बनवून घ्यायची. मास्तरांनी विचारलं, पेटी उघडून बघू का? तो म्हणाला, हात लावू नका. मास्तरांचे पुठ्ठे पोत्यात भरले गेले आणि पोती रद्दीत.

"त्यात एक हत्तींची रांग हुती," ते म्हणाले. "प्रत्येक हत्तीचा पाय येगळा. माझ्याकडं पण त्याची चादर न्हाई."

म्हणून जुन्या खेळांचं त्यांना फार वाटायचं. एकदा कारखान्यातला एक कामगार आला, चाळिशीतला. लग्नाआधी एक गेम खेळायचा, मोटारगाडीचा, तो कुठेच मिळत नाही म्हणाला. त्याचा डबा केव्हाच मोडला, कंपनीने तो बनवायचं सोडलं आणि डब्याबरोबर गेमही गेला. मास्तरांनी चार दिवस त्या गेममागे घालवले. तोच गेम कधीतरी कॉम्प्युटरवरही निघाला होता, तो शोधला, नव्या कॉम्प्युटरवर चालेना, मग काय काय बदललं देव जाणे. पाचव्या दिवशी तो माणूस येऊन बसला. दहा मिनिटं खेळला, हसला, डोळे पुसले, "लई भारी, मास्तर," म्हणाला आणि ड्युटीवर गेला.

मास्तरांची बायको तेव्हा जेवणाचा डबा घेऊन आली होती. तिने सगळं बघितलं.

"दहा मिनिटांसाठी चार दिस?"

"डबा मेला की खेळ मरतोय. कॉम्प्युटरचे भाग मरत्यात, कॉम्प्युटर मरत न्हाई. कळलं का?"

"कळलं. भाग तुमचे पण मरायला लागल्यात, जेवून घ्या."

ती बाई बोलायला तिखट होती. घरी विड्या वळायची, दुपारी नवऱ्याला जेवण आणायची. तिचंही काही चुकत नव्हतं. सात रस्ता चौकाकडे एक नवं दुकान निघालं होतं. तिथे सोफे, भिंतीएवढे टीव्ही, गार हवा आणि नुसते कन्सोल. त्याच सुमाराला लोक ज्याची वाट बघत होते तो एक मोठा गेम आला आणि तो फक्त कन्सोलवर. मुलं आमच्या दारात यायची, "मास्तर, तो आला का?" विचारायची. मास्तर म्हणायचे, "यील की. उशिरा यील, पण यील." मुलं मान डोलवायची आणि सात रस्त्याकडे जायची. आठांपैकी पाच खुर्च्या रिकाम्या राहू लागल्या. पंख्यांचा आवाज इतका कमी झाला की मला शेजारचे माग ऐकू यायला लागले.

"लोक येत्यात, विचारत्यात, जात्यात," बायको म्हणाली. "दारावर पाटी लावा. हितं फक्त पंखे दाखवले जातील."

त्या पावसाळ्यात मास्तर वाळले. मंगळवारी ब्लोअर मारताना मध्येच थांबायचे. शेवटी त्यांनी ठरवलं. एका क्लासवाल्याला टायपिंग शिकवायला कॉम्प्युटर हवे होते, तो आठही न्यायला तयार झाला. त्यांच्या जागी कन्सोल घ्यायचे. एक आधी आणायचा आणि कॉम्प्युटर गेले की बाकीचे.

त्या दुपारी ते पडद्याशी आले. "आज मी विचारतो, अक्का. कॉम्प्युटर गेले तर खोली बरी वाटंल का?"

माझ्या मनात होतं, नाही वाटणार. माझ्या मनात होतं, तुम्ही डब्यासमोर नुसते बसून राहाल. पण माझ्या तोंडून आलं, "तुमची मर्जी, मास्तर." ते बरं म्हणाले आणि गेले. त्या दिवशी मी दशा इतक्या घट्ट वळल्या की परत सोडाव्या लागल्या.

कन्सोल आला नवरात्रात. पांढरा, उभा, एखाद्या मोठ्या पुस्तकासारखा. मास्तरांनी सवयीने तो उलटा केला, खालून बघितला. एका जागी गोल स्टिकर होता. कॉलेजच्या मुलीने घाईने सांगितलं, "मास्तर, ते सील आहे. ते फाटलं तर कंपनी दुरुस्त करून देणार नाही." मास्तरांनी डबा सरळ करून ठेवला आणि हात पाठीमागे बांधले. चालवून बघितला, आवाज जवळजवळ नाहीच. मुलगी खूश झाली. मास्तर म्हणाले, "आवाजच न्हाई. ह्याच्याशी बोलायचं काय?"

आमच्याकडे खंडेनवमीला मागांची पूजा करतात. माग बंद ठेवतात, पुसतात, हळदकुंकू, फुलं. मिस्टरांच्या वेळेपासून त्या खोलीत ही पूजा चुकली नव्हती आणि मास्तरही आठही कॉम्प्युटरची करायचे. दर वर्षी स्वतः करायचे, दुसऱ्याला करू द्यायचे नाहीत. त्या वर्षी ते झेंडूची फुलं आणायला गेले आणि लवकर आले नाहीत. बायकोला घरची पूजा होती. तिने पडदा सारून मला ताट दिलं.

"ताई, तेवढं ह्या नव्या साहेबाला कुंकू लावा. मी घरी पळते."

मी लावलं. पांढऱ्या डब्यावर कुंकू छान दिसलं. मग नव्या वस्तूवर टाकतात तशा मी त्याच्या डोक्यावर कुंकवात घोळलेल्या अक्षता टाकल्या. डोक्यावर जाळी होती, हवा जायला ठेवलेली. काही दाणे खाली घरंगळले, काही आत गेले. मला वाटलं, आत गेले ते देवाला पोचले.

मास्तर कॉम्प्युटरच्या पूजेत अक्षता डब्यावर न टाकता पुढच्या टेबलावर का ठेवायचे, हे मी कधी विचारलंच नव्हतं. एवढे प्रश्न विचारले, त्यात हा राहिला.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळीच क्लासवाल्याचा टेम्पो आला. बरोबर दोन हमाल. त्यांनी एक-एक कॉम्प्युटर उचलून टेम्पोत ठेवायला सुरुवात केली. मास्तर बघत नव्हते. आज गिऱ्हाइकांना नवा गेम दाखवायचा म्हणून ते आणि ती मुलगी कन्सोल चालू करत होते. कॉलेजची आणखी पाच-सहा मुलं दारात जमली होती. मास्तरांची बायकोही आली होती.

कन्सोल चालू झाला आणि आतून आवाज आला. कट्, कट्, कट्, कट्. मग खर्रर्र.

मास्तरांनी लगेच बंद केला. कान लावून परत चालू केला. परत तेच.

"पंख्यात काहीतरी हाय," ते म्हणाले.

"नवीन आहे हो, असं कसं होईल?" मुलगी म्हणाली. तिने फोनवर शोधलं, कुठेतरी फोन केला. पुण्याला पाठवावा लागेल, दोन-तीन आठवडे लागतील. "पण उघडायचा नाही, मास्तर. उघडला तर घेणारच नाहीत."

"हात लावू नका!" बायको म्हणाली. "आधीच सांगते."

मास्तर स्टुलावर बसले. दोन्ही हात मांड्यांखाली घेतले, शाळेत गुरुजी लहान मुलांना बसवतात तसे. पडद्याच्या फटीतून मला त्यांचे हात दिसत नव्हते, चेहरा दिसत होता. बाहेर सातवा कॉम्प्युटर टेम्पोत चढत होता. आता टेबलाच्या कडेचा तो उघडा एक तेवढा राहिला होता. तीन आठवडे खोलीत ना कॉम्प्युटर असणार होते ना हा डबा. आणि हे माझ्यामुळे.

मी पडदा सारला. सगळे माझ्याकडे बघायला लागले. दारातली मुलंसुद्धा. 

"मास्तर, अक्षता मी टाकल्या. वरनं. आत गेल्या."



"किती?" मास्तरांनी विचारलं.

"चिमूटभर."

"सगळ्या आत?"

"न्हाई. थोड्या."

मास्तरांच्या चेहऱ्यावर राग येईल म्हणून मी बघत राहिले. जे आलं ते मी त्या पूर्ण पावसाळ्यात बघितलं नव्हतं. त्यांनी हात मांड्यांखालून काढले.

"मग आता उघडायलाच पायजे की!"

"घ्या!" बायको म्हणाली. "वाटच बघत हुते."

त्या डब्याला साधा स्क्रू नव्हता, चांदणीच्या आकाराचा होता. मुलगी म्हणाली, त्याचा स्क्रूड्रायव्हर मिळत नाही सहज. मास्तरांनी ड्रॉवर उघडून कोरा करकरीत चांदणीचा स्क्रूड्रायव्हर बाहेर काढला. डबा आला त्याच दिवशी आणून ठेवलेला असणार. बायकोने कपाळावर हात मारला.

सील फाटलं. पांढरा पत्रा सुटला. पंख्याच्या पात्यांत तीन लाल दाणे अडकलेले होते, आणखी दोन तळाशी. मास्तरांनी चिमट्याने काढून माझ्या तळहातावर ठेवले, एखादा दागिना परत करावा तसे.

"निघाले ना? आता बंद करा," बायको म्हणाली.

"आता हात आत हाय तर बघू दे."

ते स्क्रू काढत राहिले. पत्रा, मग आणखी एक पत्रा. आमच्या सगळ्यांच्या माना खाली वाकल्या. मीसुद्धा जवळ गेले होते, कधी गेले ते कळलं नाही. शेवटी आतली हिरवी पाटी दिसली. मास्तर बराच वेळ नुसते बघत होते. मग त्यांनी बाजूचा उघडा कॉम्प्युटर जवळ ओढला. एकदा इकडे बोट, एकदा तिकडे.

"ह्यो प्रोसेसर... ह्यो प्रोसेसर. ही आठवण, ही आठवण. ह्यात चित्र काढणारं कार्ड येगळं न्हाई, डोक्यातच बसवलंय. पण हेच हाय. आपलंच हाय!"

"हो मास्तर," मुलगी म्हणाली. "दोन्हीच्या चिप एकाच जातीच्या असतात. सगळ्यांना माहीत आहे ते. मी सांगितलं पण होतं तुम्हाला."

"सांगितलं असशील. मी बघितलं नव्हतं."

त्या वेळी मला दुपारचा प्रश्न सुचला, आणि दुपार नव्हती, पडदा नव्हता, तरी मी तो विचारला. "मग ह्यातला खेळ त्यात का चालत न्हाई?"

"चालतोय, अक्का. चालू देत न्हाईत."

"कधी देतील?"

मास्तर विचार करू लागले. दारातली मुलंही पुढे सरकली, त्यांनाही ते ऐकायचं होतं.

"खेळ करायला माणसं अन् पैसा लई लागतोय," ते हळूहळू म्हणाले. "नुसत्या डबा घेणाऱ्या गिऱ्हाइकांवर त्यांचं भागंना झालं की देतील. आतनं एकच हाय म्हटल्यावर इकडनं तिकडं न्यायला कष्ट पण कमी. सगळे न्हाई देणार. काही मुद्दाम धरून ठेवतील, डबा विकायला. पण ज्यांनी धरलं ते पण किती दिस धरतील? उद्या हा डबाच कॉम्प्युटर होईल, न्हाईतर कॉम्प्युटर डबा होईल. कोण कुणाला गिळतंय ते मला सांगता यायचं न्हाई. पण एवढं खरं, कॉम्प्युटर संपला म्हणून मी जे मानलं हुतं..."

ते बोलायचे थांबले आणि दाराकडे वळले. बाहेर टेम्पोचा हॉर्न वाजला होता.

"थांबा!"

क्लासवाला दारात आला. चांगला माणूस होता, पण सकाळपासून ताटकळलेला. "काय झालं, मास्तर? एक राहिलाय आतला, तो पण द्या."

"मला... हे द्यायचे न्हाईत."

"म्हणजे? शब्द दिलाय तुम्ही. आज दुपारी पोरं टायपिंगला बसणार आहेत माझी."

मास्तर उभे राहिले तसेच राहिले. शब्द या गोष्टीचं त्यांना फार होतं. पुठ्ठ्यांना भोकं पाडायचे तेव्हा दिलेल्या दिवशी नक्षी द्यायचे, ताप असला तरी.  मग ते परत स्टुलावर बसले आणि उघड्या डब्याकडे बघायला लागले.

"दिलाय," ते म्हणाले. "न्या."

हमाल आतल्या शेवटच्याकडे यायला लागले. मी त्यांच्या बाजूने बाहेर गेले. पायरीवरून खाली, रस्त्यावर, टेम्पोच्या मागे. माझ्या पायात चप्पल नव्हती. समोरच्या पानपट्टीवरची माणसं बघत होती, ते मला दिसत होतं. फळी लावलेली नव्हती अजून. मी कडेचा कॉम्प्युटर ओढला आणि कडेवर घेतला. तो चांगलाच जड होता.

"ओ बाई! ओ! कुणाला विचारून उतरवताय?" क्लासवाला माझ्या आडवा आला.

"खोली माझी हाय," मी म्हणाले. आवाज माझाच होता, पण मोठा होता. "हितनं काही न्यायचं तर मला विचारायला पायजे हुतं. मला कुणी विचारलं न्हाई."

क्लासवाल्याने मास्तरांकडे बघितलं. मास्तरांनी माझ्याकडे. ते खोटं होतं, हे आम्हा दोघांनाच माहीत होतं. मास्तरांनी फक्त हमालांच्या मधून स्टूल बाजूला सरकवलं, मला आत यायला वाट व्हावी म्हणून.

"असं कसं? शब्द त्यांनी दिला, खोली ह्यांची?" क्लासवाला म्हणाला. "मग माझ्या पोरांचं काय?"

"दुसरीकडं बघा, भाऊ," मास्तरांची बायको पदर खोचत म्हणाली. "घरमालकीण न्हाई म्हणतीय तर काय करायचं? आमी पडलो भाडेकरू." आणि ती माझ्या शेजारून बाहेर गेली, टेम्पोतला एक कॉम्प्युटर दोन्ही हातांनी उचलून घेऊन आली. विड्या वळणारी ती बोटं, पण पकड लोखंडासारखी.

मी माझा टेबलावर ठेवला.  मास्तर लगेच वाकून त्याच्या मागच्या वायरी लावू लागले, कुठली कुठे ते न बघता लावत होते. कॉलेजची मुलगी माझ्याकडे टक लावून बघत होती. 

मी परत टेम्पोकडे गेले. अजून पाच होते.